गाता गळा आणि पडदा

मराठी संगीत नाटकात नटीचा गळा हा तिचा मुख्य ऐवज. रूप, अभिनय, शब्दोच्चार हे सगळे त्याच्या मागून येते. हा ऐवज घेऊन ज्या स्त्रिया चित्रपटाकडे वळल्या त्यांच्या वाट्याला मात्र दर काही वर्षांनी वेगळाच हिशेब आला. मूकपटात गळ्याला काडीची किंमत नव्हती. बोलपट आला तेव्हा त्याच गळ्याला सोन्याचा भाव मिळाला, आणि पार्श्वगायनाची पद्धत रुळल्यावर तो पुन्हा बाजूला पडला. कमलाबाई गोखल्यांपासून आशालता वाबगावकरांपर्यंतचा हा प्रवास त्यामुळे सरळ रेषेत जात नाही. शेवटी तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत येऊन थांबतो, कारण गाणाऱ्या नटीची गरज तिथे अजून संपलेली नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगमंचावर आले. त्यात पदांची संख्या दोनशेच्या घरात होती आणि नाटक रात्रभर चाले. पुढची पन्नास वर्षे या रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुतेक पुरुषच करत राहिले. भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतर बालगंधर्व यांनी ती परंपरा अशा उंचीवर नेली की घरंदाज बायका बालगंधर्वांची नेसण आणि अंबाडा पाहून आपली वेशभूषा ठरवू लागल्या. स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठेच्या मोठ्या कंपन्यांची दारे त्यांना बंद होती.

चित्रपटाला ही सोय फार काळ परवडणारी नव्हती. 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले. त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला आणि त्यात पहिल्यांदा स्त्रिया पडद्यावर आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. दुर्गाबाई संसारातून बाहेर पडून फिरत्या नाटक मंडळीत आल्या होत्या आणि मुलगी चार-पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर मंचावर उभी राहत होती. मोहिनीच्या वेळी ती जेमतेम तेरा वर्षांची होती.

पडद्यावरच्या पहिल्या भारतीय स्त्रिया नाटकातून आल्या हा योगायोग नव्हता. ज्या काळात चित्रपटात काम करायला कोणी बाई तयार होत नव्हती, त्या काळात मंडळीच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या, लोकांसमोर उभे राहण्याची सवय असलेल्या मायलेकीच हे धाडस करू शकत होत्या. मात्र मूकपटाने कमलाबाईंकडून घेतला तो चेहरा आणि हालचाल. रंगमंचावर घोटलेला आवाज कॅमेऱ्यासमोर मुका झाला. कमलाबाई नाटकात परतल्या, रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झाल्यावरही मंचावर उभ्या राहिल्या आणि पुढे बोलपटांतही दिसल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. तीन पिढ्यांचे हे नटघराणे त्या तेरा वर्षांच्या मोहिनीपासून सुरू होते.

1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतला हा पहिला बोलपट. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती, पण आता तारामती दुर्गा खोटे होत्या आणि आपली गाणी त्या स्वतःच गात होत्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीतकार म्हणूनही होते गोविंदराव टेंबे, म्हणजे ‘मानापमान’च्या चाली बांधणारेच टेंबे. सुरुवातीच्या मराठी बोलपटाचा कान संगीत नाटकाने घडवला होता हे एवढ्यावरूनच कळते. चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण तेव्हा एकाच वेळी होई. वादक चौकटीबाहेर, कधी झाडाआड तर कधी नेपथ्याआड बसत आणि पात्र गात गात अभिनय करी. सूर चुकला तर सगळे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. अशा कामाला सुरात पक्की आणि ताल न सोडणारी बाई हवी होती. ती मिळण्याची जागा म्हणजे गायनाची मैफल किंवा संगीत नाटक.

याच सुमारास बालगंधर्वांचा चित्रपटातला प्रयोग फसला, तो या कथेत महत्त्वाचा आहे. 1935 साली शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांचे, म्हणजे पुरुषाचे काम केले. 1937 च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा लुगडे नेसून मीरा झाले, पण चित्रपट चालला नाही. नाट्यगृहात पंचवीस-तीस हातांवरून जी मोहिनी पडे ती कॅमेरा चेहऱ्याला भिडल्यावर टिकेना. पडद्यावर स्त्रीचे काम स्त्रीनेच करायचे, हे मग वादापलीकडे गेले.

हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण या वळणावरचे सर्वांत बोलके आहे. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी 1905 साली मिरजेत जन्मली. किराणा घराण्याची तालीम मिळालेल्या हिराबाईंनी भाऊ सुरेशबाबू माने यांच्यासह 1929 च्या सुमारास नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. स्त्रीभूमिका स्त्रियांनी आणि पुरुषभूमिका पुरुषांनी करायच्या, शिवाय गाणे घराणेदार ठेवायचे, असा त्या मंडळीचा बाणा होता. त्या बाण्याला काळाने साथ दिली नाही. बोलपटाचे तिकीट स्वस्त होते आणि तो गावोगाव पोचत होता. रात्रभराचे नाटक, सोबत तीस-चाळीस माणसांचे बिऱ्हाड, असा खर्च निघेना. मंडळी बंद झाली, कर्ज राहिले, आणि हिराबाईंनी ते मैफली करून फेडले. ‘सुवर्णमंदिर’ आणि बाबूराव पेंटरांचा ‘प्रतिभा’ अशा काही चित्रपटांत त्यांनी कामही केले. तरी कॅमेरा त्यांना मानवला नाही. त्यांची जागा तंबोऱ्यांच्या मध्ये होती आणि त्या तिथेच परतल्या.

ज्योत्स्ना भोळे यांनी आपले घर नाटकात शोधले. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाईंना लोकांनी ओळखले ते 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ने. पदांचा भडिमार नाही, तानांची आतषबाजी नाही, भावनेला लागेल तेवढेच गाणे, अशी त्या नाटकाची शैली होती आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. केशवराव लगेच प्रभातमध्ये गेले आणि ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’ यांसारख्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ज्योत्स्नाबाईंनी थोडेफार चित्रपट केले. त्यांचा खरा बहर आला तो 1942 साली रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त.

याच नाट्यमन्वंतरमधून आलेल्या लीला चिटणीस यांनी मात्र मागे वळून पाहिले नाही. ‘उसना नवरा’ या नाटकात काम केलेल्या लीलाबाई बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांत अशोककुमारांच्या नायिका झाल्या. 1939 ते 1941 या तीन वर्षांतले हे चित्रपट. त्या स्वतः पडद्यावर गायल्याही. पण चाळिशी आली, काळही बदलला आणि त्या ‘शहीद’, ‘आवारा’ आणि पुढे ‘गाइड’ची आई झाल्या. हिंदी चित्रपटातली आई रडते, वाट पाहते, शिवण यंत्र चालवते, पण तिच्या वाट्याला गाणे सहसा येत नाही. नायिकेचा गळा आईच्या भूमिकेत शिरताना बाहेरच राहतो.

दरम्यान गळा आणि चेहरा यांची फारकत झाली होती. 1935 साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये गाणे आधी मुद्रित करून पडद्यावर ओठ हलवण्याची पद्धत वापरली गेली आणि बघता बघता ती सगळ्या देशात रुळली. या फारकतीचा मराठी घरातला नमुना म्हणजे हिराबाईंची धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे. बालवयापासून त्यांनी संगीत नाटकांत कामे केली होती. 1943 च्या विजय भट्टांच्या ‘रामराज्य’मध्ये मात्र त्या दिसत नाहीत, ऐकू येतात. पडद्यावर सीता आहेत शोभना समर्थ आणि गळा आहे सरस्वतीबाईंचा. दहा वर्षांपूर्वी ज्या बाईला गाते म्हणून भूमिका मिळाली असती, तिच्याकडून आता फक्त गाणे घेतले गेले.

हे केवळ आपल्याकडे झाले असे नाही. लंडनच्या रंगभूमीवर लहानपणापासून गाणाऱ्या ज्यूली अँड्र्यूज 1956 साली न्यूयॉर्कला ‘माय फेअर लेडी’तली फुलवाली एलायझा झाल्या आणि त्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वर हे संगीत नाटक बेतलेले होते, त्याच्यावरून पु. ल. देशपांड्यांनी पुढे ‘ती फुलराणी’ रचली, त्यामुळे मराठी प्रेक्षकांना ही एलायझा परकी नाही. 1964 साली ‘माय फेअर लेडी’चा चित्रपट झाला तेव्हा एलायझा म्हणून घेतले गेले ऑड्री हेपबर्न यांना, कारण पडद्यावर ते नाव चालत होते. बहुतेक गाण्यांना आवाज दिला मार्नी निक्सन यांनी. म्हणजे रंगमंचावर एकच बाई जे करत होती त्याचे पडद्याने दोन तुकडे केले. अँड्र्यूज यांना त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’ मिळाला, त्यात त्या स्वतः गायल्या आणि उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर घेऊन गेल्या. ‘साउंड ऑफ म्युझिक’ पाठोपाठ आला. इंग्रजी चित्रपटाने संगीतपटाचा प्रकार जिवंत ठेवला होता म्हणून गाणाऱ्या नटीला असा दुसरा दरवाजा उघडला. मराठी-हिंदीत तो दरवाजा नव्हता.

त्याच 1964 सालच्या महाराष्ट्र दिनी, 1 मे रोजी, मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले. संगीत नाटक संपले असे लोक म्हणू लागले होते तो हा काळ. जितेंद्र अभिषेकींचे नाट्यसंगीतातले हे पहिलेच मोठे काम. त्यांनी पदे मोजकी ठेवली, रागाचा विस्तार आटोपता घेतला आणि चालीत कवितेच्या शब्दाला जागा दिली. पराशर होते रामदास कामत आणि कोळ्यांची पोर सत्यवती होत्या आशालता वाबगावकर.

आशालताबाईंचा जन्म गोव्यातला, 1941 सालचा. याच संस्थेच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवती करून त्या रंगभूमीवर आल्या होत्या. रेवती ही देवलांची जुन्या वळणाची, हलकीफुलकी, गाणारी नायिका. सत्यवतीची जातकुळी वेगळी. नदीवरची मुक्त मुलगी, प्रेमात फसलेली बाई आणि मुलाच्या हव्यासापायी भीष्माचे आयुष्य उद्ध्वस्त करणारी राणी, असा तिचा चढता पट आहे. इथे पद हे गोष्टीतले विश्रांतीचे ठिकाण उरत नाही, ते पात्राच्या मनाचा तळ दाखवते. आशालताबाईंचा आवाज फार भरदार किंवा तानेबाज नव्हता. त्यात एक ओलसर, बोलका गुण होता. शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा हे त्यांना अचूक कळे. अभिषेकींच्या चालींना नेमका असाच गळा हवा होता. त्यांची या नाटकातली दोन पदे साठ वर्षांनंतरही नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत गायली जातात, आणि आपल्या आत्मकथनाला शीर्षक देताना त्यांनी त्यांतल्याच एका पदाच्या आरंभीचे शब्द निवडले. पुढे शंभराहून अधिक चित्रपट केलेल्या बाईने स्वतःची ओळख नाटकातल्या पदाने करून द्यावी, यात सगळे आले.

चित्रपटात त्यांचे नाव झाले ते 1980 साली, म्हणजे वयाच्या जवळजवळ चाळिशीत. बासू चटर्जींच्या ‘अपने पराये’मध्ये, शरच्चंद्रांच्या ‘निष्कृति’वरून केलेल्या या चित्रपटात, त्या एकत्र कुटुंबातली थोरली सून होत्या. समोर उत्पल दत्त, शबाना आझमी, अमोल पालेकर, गिरीश कार्नाड अशी पारखलेली मंडळी होती. मनाने हळवी, कानाने हलकी, जावेवर जीव असूनही दुसऱ्याच्या बोलण्याने फिरणारी ती बाई त्यांनी इतक्या सहजपणे उभी केली की फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी त्यांचे नामांकन झाले. या भूमिकेत गाणे नाही. पण वाक्याच्या मध्येच आवाज खाली नेणे, एखाद्या साध्या शब्दावर क्षणभर थांबणे, रडू येण्याआधीचा श्वास ऐकू देणे हे जे त्या करतात, ते पद म्हणणाऱ्या नटीचेच कसब आहे. समेवर यायचे कसे हे ज्याला कळते त्याला वाक्य संपवायचे कसे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

रंगमंचावरून आलेल्या बऱ्याच जणांना पडदा जमत नाही, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याची सवय हातवाऱ्यांत आणि आवाजात मुरलेली असते. आशालताबाईंनी ती सवय आवरली आणि लय ठेवली. ‘वो सात दिन’, ‘अंकुश’ हे हिंदी चित्रपट, मराठीत जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘माहेरची साडी’ असे कितीतरी चित्रपट त्यांनी केले. आई, सासू, आजी, मावशी. यातल्या अनेक भूमिका चार-दोन प्रसंगांच्या होत्या. त्यांच्या गळ्याचा उपयोग करून घ्यावा असे चित्रपटवाल्यांपैकी फारसे कोणाला सुचले नाही, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे. एका चांगल्या गायिकेला चाळीस वर्षे पडद्यावर ठेवून तिला गाऊ न देणे हे चित्रपटसृष्टीचे मोठे नुकसान होते, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेचे चित्रीकरण साताऱ्याकडे सुरू असताना त्यांना करोनाने गाठले आणि 22 सप्टेंबरला साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. वयाच्या 79 व्या वर्षीही त्या कामावर होत्या.

विदर्भातल्या वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक नाटक इथे आठवते. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 24 डिसेंबर 1967 रोजी आले. खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे आणि त्यांची मुलगी झरीना होत्या सोलापूरच्या फैयाज. फैयाज अभिनय करत, नाचत आणि रोज, प्रत्येक प्रयोगाला, स्वतः गात. 2015 साली सुबोध भावे यांनी याच नाटकाचा चित्रपट केला तेव्हा झरीना झाल्या अमृता खानविलकर, ज्यांची ओळख नृत्य आणि अभिनयाची. खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या सचिन पिळगावकरांना आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. चित्रपट फार लोकप्रिय झाला आणि नाट्यसंगीत नव्या पिढीच्या कानी गेले, त्याचे मोल कमी नाही. तरीही अभिनय एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही वाटणी आता कोणाला खटकतही नाही. त्याच वर्षी बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी फैयाज होत्या.

झाडीपट्टीतली गोष्ट या सगळ्यापासून वेगळी राहिली. नागपूर-भंडारा महामार्गावरचे शहापूर असो की वैनगंगेपलीकडची साकोली-लाखांदूरकडची गावे असोत, धानाची कापणी उरकली आणि दिवाळी झाली की इकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. गावोगाव वार ठरलेले असतात, पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात. दंडार आणि खडी गंमत हे इथले लोकनाट्याचे जुने प्रकार, त्यांत बाईचे काम गड्यानेच करायचे. त्यांच्या जोडीला आणि त्यांच्याच मातीत पदे असलेले नाटक रुजले. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई, यात्रा या निमित्ताने मंडप पडतो, रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या धंद्याचे केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि हंगामाचे बुकिंग तिथेच होते. पुण्या-मुंबईत संगीत नाटक जपण्यासाठी अनुदान आणि महोत्सव लागतात. इकडे धानाचे पैसे हातात आलेला शेतकरी स्वतः तिकीट काढून येतो.

या रंगभूमीवर आता स्त्रीची कामे स्त्रियाच करतात. त्यांतल्या कितीतरी जणी नागपूरकडून आणि त्याहून लांबून हंगामापुरत्या येतात. रात्री एका गावात प्रयोग, दिवसा गाडीत झोप, संध्याकाळी दुसऱ्या गावात तोंडाला रंग. कष्ट फार, लौकिक थोडा. 2023 साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या इतर भागातल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. इथल्या नटीला हा मान अजून मिळालेला नाही, आणि तो मिळायला हवा.

पडद्याने या रंगभूमीकडे पाहिले ते उशिरा. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ 2022 साली प्रदर्शित झाला. झाडीपट्टीतल्या नाटकाच्याच जगावरचा हा चित्रपट, आणि त्यात या मंचावरच्या कलावंतांनीच कामे केली. कमलाबाईंच्या वेळी चित्रपट नाटकातल्या बाईला आपल्याकडे बोलावत होता. इथे कॅमेरा तिच्या मंडपात आला, ही या दोघांमधली महत्त्वाची तफावत आहे.

येत्या हंगामात, मंडईच्या दिवसांत, भंडारा-गोंदियाकडे जाणे झाले तर रात्रीचे एक नाटक जरूर पाहावे. ऑर्गनवाला मंचासमोर बसलेला असतो, तबल्यावर थाप पडते, आणि नायिकेचे काम करणारी बाई आपले पद स्वतःच म्हणते.